मंडळी आधी की इमारत आधी? नागपूरचं ऑल सेंट्स आणि तालुक्याच्या गावचं चर्च

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चंद्रपूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी तुमचं जुनं चर्च आहे. चाळीस फूट लांब, अठरा फूट रुंद, वर इंग्रजी कवेलू. दारावर वर्ष कोरलेलं नाही, म्हातारी माणसं ‘इंग्रजांच्या काळातलं’ एवढंच सांगतात. नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलचा इतिहास कुठेही वाचायला मिळतो, तुमचा कुठेच नाही. आता मंडळी वाढली आहे, लाकडाला उधई लागली आहे, आणि जुनं पाडून स्लॅबचं नवीन बांधावं असं कमिटीत चाललं आहे. तर चर्चचं वय कसं काढायचं, इतिहास कुठून लिहायला घ्यायचा आणि पाडायचं की ठेवायचं?

मी अठ्ठावीस वर्षं विदर्भात जुन्या दगड-चुन्याच्या इमारती दुरुस्त करतो आहे. वाडे, डाकबंगले, मशिदी, चर्च, सगळं हाताखालून गेलं आहे. मी स्वतः अशाच एका गावच्या मंडळीत वाढलो, म्हणून थोडं लांब उत्तर देतो.

तुम्हाला इतिहास सापडत नाही, कारण तुम्ही तो नागपूरच्या मापानं मोजता आहात. नागपुरात इमारत आधी उभी राहिली आणि मराठी मंडळी तिच्यात फार नंतर शिरली. तुमच्याकडे मंडळी आधी जमली, झाडाखाली, कुणाच्या ओसरीत, शाळेच्या खोलीत, आणि इमारत मागून आली. दोन्ही मूळची बहुधा अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतली, आणि आज दोन्ही एकाच बिशपच्या हाताखालची, पण वाट उलटी.

नागपूरचं आधी सांगतो, म्हणजे फरक कळेल. नागपूरच्या सदर भागातलं ऑल सेंट्स 1851 चं. त्या वर्षी नागपूरच्या गादीवर तिसरे रघुजी भोसले होते. ते डिसेंबर 1853 मध्ये गेले आणि 1854 मध्ये राज्य खालसा झालं. म्हणजे राज्य अजून भोसल्यांचं असताना हे चर्च उभं राहिलं. ते कुणासाठी? रेसिडेन्सीचे, म्हणजे भोसले दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या कचेरीचे साहेब, लष्करी अधिकारी, त्यांच्या बायकामुलांसाठी. गावातल्या माणसाला आत बोलावणं हा त्या भिंतींचा हेतूच नव्हता. ही गोष्ट मी राग म्हणून सांगत नाही. ज्यांच्यासाठी चर्च बांधलं त्यांच्या संख्येवरून त्याचं माप ठरलं, आणि पुढची सगळी वाढ त्याच हिशेबानं झाली, एवढंच दाखवायचं आहे.

1861 मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर राजधानी झाली. 1867 मध्ये मुंबईकडून रेल्वे आली. कचेऱ्या वाढल्या, रेल्वेतले युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोक वाढले, छोटं चर्च पुरेना. मग 1879 च्या सुमारास ते वाढवलं गेलं. आराखडा जॉर्ज फ्रेडरिक बॉडली यांचा. गॉथिक धाटणीच्या चर्चसाठी इंग्लंडात त्यांचं नाव फार मोठं होतं. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कॅथेड्रलचा आराखडाही पुढे त्यांनी हेन्री व्हॉन यांच्यासोबत केला. जागा कमी पडली तेव्हा त्या लोकांनी जुनं टाकून दिलं नाही, ते मोठं केलं, हे तुमच्या कमिटीला जरूर सांगा.

तिसरा टप्पा 1903 चा. नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या कारभाराचा प्रदेश झाला आणि आयर चॅटर्टन हे पहिले बिशप आले. कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च असं आपल्याकडे समजतात, तसं नाही. जिथे बिशपचं आसन ते कॅथेड्रल, मग ते लहान का असेना. आसन आलं की त्याच्यासोबत वेदीपुढची जागा, गायकांची जागा, मिरवणुकीची वाट, सगळ्याचा अर्थ बदलतो. तोवर एका स्टेशनचं, म्हणजे इंग्रजांच्या एका ठाण्याचं असलेलं चर्च आता मध्य प्रांत-वऱ्हाडासकट थेट राजपुतान्यापर्यंतच्या मंडळ्यांचं मुख्य चर्च झालं.

त्या काळी अशा स्टेशनच्या चर्चमधल्या चॅप्लेनचा (सरकारी पाळकाचा) पगार सरकार देई आणि इमारतीची दुरुस्ती सरकारचं बांधकाम खातं करी. हे ध्यानात ठेवा, कागद शोधताना कामी येईल. 1927 च्या इंडियन चर्च कायद्यानं ही गाठ सुटायला लागली आणि 1 मार्च 1930 पासून इथलं अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्यानं वेगळं झालं. स्वातंत्र्यानंतर सरकारी चॅप्लेन गेले, बाकावरची साहेब मंडळी गेली. रिकाम्या बाकांवर आपली माणसं बसायला लागली, ती खऱ्या अर्थानं तेव्हापासून. आणि 29 नोव्हेंबर 1970 ला याच ऑल सेंट्सच्या आवारात सहा वेगवेगळ्या चर्च-संघटनांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं. ज्या जागेत एकेकाळी फक्त रेसिडेन्सीचे लोक बसत, तिथेच प्रेसबिटेरियन, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट आणि अँग्लिकन एका मेजाभोवती आले. माझ्या मते त्या चर्चच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस तो, आणि त्या दिवशी एक वीटही नवी बसली नव्हती.

आता तुमच्याकडे या. तुम्ही लिहिलं आहे की गावात जुने लोक ‘स्कॉच मिशनचं चर्च’ म्हणतात, आणि म्हणून ते हिस्लॉप साहेबांच्या मिशनचं असावं. इथे नव्वद टक्के लोक चुकतात. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडकडून. ते प्रेसबिटेरियन, त्यांच्यात बिशप नसतो. नागपूर, वर्धा, भंडारा या बाजूला स्कॉच मिशन म्हटलं की बहुधा तेच. पण चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, मिशन उभं केलं ते स्कॉटिश एपिस्कोपल चर्चनं. तेही स्कॉटलंडचंच, पण अँग्लिकन, बिशप मानणारं. चांद्याच्या त्याच मिशनात काम केलेले अलेक्झांडर वुड पुढे आधी छोटा नागपूरचे आणि 1926 पासून नागपूरचे बिशप झाले. 1970 नंतर दोन्हीकडे एकच पाटी लागली, त्यामुळे बाहेरून फरक दिसत नाही. तुमचा तालुका जुन्या चांदा जिल्ह्यात मोडतो, म्हणून तुमचं स्कॉच मिशन अँग्लिकन असण्याची शक्यता जास्त. खात्री करायची तर वह्या बघा. बिशपच्या हातून झालेल्या दृढीकरणाची (बाप्तिस्मा झालेल्यांना मोठेपणी विश्वासात पक्कं करण्याच्या विधीची) नोंद असेल, चर्चला एखाद्या संताचं नाव असेल, बाप्तिस्म्याचं दगडी कुंड दाराजवळ असेल, तर मूळ अँग्लिकन समजा. सेशनच्या, म्हणजे मंडळीच्या वडीलजनांच्या सभांचं इतिवृत्त निघालं तर प्रेसबिटेरियन.

वह्यांबद्दल जरा थांबून सांगतो, कारण खरा खजिना तिथे आहे आणि लोक तो कपाटाच्या तळाला उंदरांच्या हवाली करतात. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन ही तीन रजिस्टरं सगळ्यांना ठाऊक असतात. चौथी वही कुणी उघडत नाही, ती म्हणजे उपासनेची नोंदवही. अँग्लिकन पद्धतीत प्रत्येक उपासनेनंतर पाळकानं त्यात लिहायचं असतं: तारीख, कुठली उपासना, हजर किती, प्रभुभोजन किती जणांनी घेतलं, दान किती रुपये किती आणे. एका गावी मी अशी वही पानापानानं वाचली होती. तिच्यात ठिकाणाच्या रकान्यात वर्षानुवर्षं ‘शाळा’ लिहिलेलं होतं. मग एका रविवारी पहिल्यांदा ‘चर्च’ असा शब्द आला, आणि त्या दिवशीची हजेरी नेहमीच्या चौपट होती. बिशपांनी चर्च उघडल्याचा कागद हरवला होता, पण दिवस सापडला. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची निघाली. त्या दिवसाच्या आधी मंडळी एकोणीस वर्षं दर रविवारी जमत होती. चर्चचा इतिहास इमारतीच्या दिवसापासून लिहिला असता तर ही एकोणीस वर्षं पुसली गेली असती.

बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात 1897 ते 1901 ही पानं सावकाश बघा. 1896-97 आणि 1899-1900 हे दोन दुष्काळ मध्य प्रांत-वऱ्हाडात भयानक होते. मिशनांनी अनाथालयं उघडली, त्यातून वाढलेल्या मुलांची लग्नं झाली, त्यांची घरं मिशनच्या आवारात वसली. विदर्भातल्या कितीतरी मंडळ्यांचं बी तिथे पडलं. आईबापाच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही अशा मुलांची नावं एकाखाली एक दिसली, तर तुमच्या मंडळीतल्या काही घराण्यांचे मूळपुरुष तुमच्यासमोर आहेत असं समजा. त्या घरांतल्या म्हाताऱ्या बायांजवळ जाऊन बसा. आजीनं सांगितलेलं त्यांना आठवतं, आणि ते ऐकायची वेळ फार उरलेली नाही. मात्र ती नावं फलकावर लावण्याआधी त्या घरांना विचारा. काहींना तो दुष्काळ अजून दुखतो.

बाहेरचे कागद तीन ठिकाणी मिळतील. पहिलं, भूमी अभिलेख कार्यालय. आवाराची आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा, ती नझूल, म्हणजे सरकारी जागा आहे का बघा, आणि बंदोबस्ताच्या, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्याच्या वेळची मिसल (दफ्तर) मागा. मिसलीत ज्या वर्षी ‘मिशन बंगला’ किंवा ‘गिरजाघर’ असा शेरा आहे, त्या वर्षी तिथे काहीतरी उभं होतं हे पक्कं. कबरस्तानासाठी निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या जागांची नोंद) बघायला विसरू नका. दुसरं, सरकारी जिल्हा गॅझेटियर. वर्ध्याचं 1906 चं, नागपूरचं 1908 चं, चांद्याचं 1909 चं. लोकसंख्येच्या प्रकरणात मिशनबद्दल परिच्छेद असतो. तिसरं, धर्मप्रांताचं कार्यालय, जिथे मालमत्तेचे ट्रस्टचे कागद असतात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या चर्चनोंदी बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन गठ्ठ्यांत आहेत. कामठीच्या छावणीत मद्रासचं लष्कर होतं, म्हणून तिकडच्या जुन्या नोंदी मद्रासच्या गठ्ठ्यात शोधाव्या लागतात. पण त्या मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या आहेत. तुमच्या मंडळीची माणसं तिथे फारशी भेटणार नाहीत, तिकडे पैसे आणि वेळ घालवू नका.

आता इमारतीकडे. तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून मला वाटतं की ती आधी शाळा होती, किंवा आठवडाभर शाळा आणि रविवारी उपासना अशी दुहेरी जागा होती. खिडक्यांची उंबऱ्याची पट्टी जमिनीपासून अडीच फुटांवर आहे म्हणता. निव्वळ चर्च म्हणून बांधलं असतं तर ती बहुतेक उंच असती. पूर्वेच्या टोकाला खोली अरुंद होते, आणि तिथे चौकटीला बिजागऱ्यांच्या जुन्या खाचा आहेत. तिथे घडीची दारं असावीत. शाळेच्या दिवशी वेदी बंद, रविवारी उघडी. पश्चिमेच्या भिंतीवर काळपट गुळगुळीत गिलाव्याचा चौकोन रंगाखाली दिसतो का बघा, तो फळा असेल. दिवळ्या किती उंचीवर आहेत ते मोजा. जमिनीवर बसणाऱ्यांसाठीचा दिवा आणि बाकावर बसणाऱ्यांसाठीचा दिवा एका उंचीवर नसतो. आपल्या मंडळ्या पेटी-तबल्यावर भजनं म्हणत सतरंजीवर बसायच्या, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. बाक नंतर आले.

वय काढायला काही खुणा. तुळयांना लोखंडी कड्या आणि भिंतीत आरपार भोक असेल तर ते हातपंख्याच्या दोरीचं, म्हणजे वीज यायच्या खूप आधीचं काम, आणि बसणाऱ्यांत कुणीतरी साहेब होता. खिळे चौकोनी, हातानं घडवलेले असतील तर लाकूड जुनं, गोल तारेचे असतील तर नंतरचं. एक कवेलू उलटं करून शिक्का वाचा. बाझेल मिशननं मंगलोरला कवेलूचा कारखाना 1865 मध्ये काढला, तेव्हा तसा शिक्का असला तर ते कवेलू त्याआधीचं नाही, आणि रेल्वे 1870 च्या दशकात वरोऱ्यापर्यंत येण्याआधी एवढा माल तुमच्याकडे पोचणं अवघड होतं. दारावर उत्तरंग म्हणून रुळाचा तुकडा टाकला असेल तर त्याच्या पोटावर कारखान्याचं नाव आणि वर्ष उठवलेलं असतं. हे वर्ष ‘याच्या आधी नाही’ एवढंच सांगतं, नेमकी तारीख सांगत नाही. भंगारातला रूळ वीस वर्षांनीही वापरत. आणि छपराचं वय म्हणजे भिंतीचं वय नव्हे. खाली दगड, वर पातळ हातविटा, त्यावर नऊ इंची विटा असे थर दिसले तर तीन पिढ्यांचं काम एकावर एक बसलं आहे. कोपऱ्यात हातभर गिलावा काढा, जास्त नको, आणि फोटो काढून ठेवा.

पाडायचं की ठेवायचं? माझं मत स्पष्ट आहे: ठेवा. पण जुन्या भिंतींवर स्लॅब टाकून ‘ठेवू’ नका. हिशेब करून बघा. तुमची खोली सुमारे 67 चौरस मीटर. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला 300 किलोच्या वर जातं, म्हणजे वीस टनांहून जास्त. कवेलू, पट्ट्या आणि लाकूड धरून आजचं छप्पर फार तर पाच-सहा टनांचं. मातीत बांधलेल्या भिंतींवर एकदम चौपट ओझं गेलं तर त्या फुगतात, आणि फुगलेली भिंत पडायच्या आधी सांगत नाही.

सिमेंटचंही सांगतो. कामाला लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी एका गावच्या जुन्या प्रार्थनागृहाला बाहेरून सिमेंटचा गिलावा सुचवला होता. लोकांनी वर्गणी काढून केला. चार पावसाळ्यांत आतून लोणा आला, विटा पिठासारख्या झडू लागल्या. जमिनीतून भिंतीत चढलेलं पाणी चुन्यातून बाहेर निघतं, सिमेंटनं त्याची वाट बंद केली होती. तो गिलावा मी नंतर माझ्या खर्चानं काढून दिला, पण विटा परत आल्या नाहीत. त्या भिंतीत मंडळीच्या पहिल्या पिढीनं स्वतः वाहून आणलेला दगड होता. ते मला अजून लागतं. म्हणून तुमच्या भिंतीला चुनाच वापरा: कळीचा चुना खड्ड्यात निदान तीन-चार आठवडे मुरवलेला, धुतलेली वाळू, सुरखी (विटांची भुकटी). आमचे जुने गवंडी त्यात गूळ, बेलफळाचं पाणी घालायचे. दगड-विटांमधल्या दरजा (फटी) आधी खरवडून मग भरा.

उधईनं तुळया आतून खाल्ल्या असतील तर ठोकून बघा. टोकं गेली असतील तर तेवढी कापून नवीन सागवान सांधता येतं, सबंध तुळई फेकायची गरज नसते. चांद्याकडचं जुनं सागवान आज पैसे मोजूनही तसं मिळत नाही. कंत्राटदार ‘जुनं लाकूड आम्ही घेऊन जातो’ असं फुकटात म्हणाला तर का म्हणतो ते समजून घ्या.

जागा कमी पडते ही अडचण खरी आहे, ती मी झटकत नाही. नाताळला निम्मे लोक बाहेर उभे राहतात हे तुम्ही लिहिलं आहे. आवार मोठं असेल तर नवी इमारत बाजूला बांधा, जुनीत रविवारची शाळा, मधल्या वाराची प्रार्थना, लहान बाप्तिस्मे चालू द्या. म्हणजे ती पुन्हा तिच्या मूळ कामाला लागेल. आवार लहान असेल तर पश्चिमेची भिंत उघडून तिकडे नवा भाग जोडता येतो. त्याचे खांब आणि पाया जुन्यापासून वेगळे ठेवायचे, दोन्हीमध्ये सांधा सोडायचा, म्हणजे एक खचलं तरी दुसरं ओढलं जात नाही. कुठलंही ठरवलं तरी आधी कागद बघा. मालकी बहुधा डायोसेसन ट्रस्टच्या (धर्मप्रांताच्या ट्रस्टच्या) नावे असते, गावच्या कमिटीच्या नव्हे. धर्मप्रांताच्या लेखी परवानगीशिवाय एक भिंतही पाडू नका. आणि आवाराचा तुकडा विकून बांधकामाचा पैसा उभा करायचा विचार कुणी मांडत असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हे सभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवा.

तुमच्या पत्रात एक ओळ होती की बाप्तिस्म्याचं कुंड ‘अडचण होते’ म्हणून बाहेर नळाजवळ ठेवलं आहे. ते आज आत घ्या. मूळ जागा पश्चिमेच्या दाराशी असावी. फरशीत त्या मापाचा गोल किंवा अष्टकोनी डाग दिसेल, तिथेच ठेवा. कुंडाच्या बैठकीवर खालच्या बाजूला कधी कधी देणाऱ्याचं नाव आणि वर्ष कोरलेलं असतं. चौघांनी मिळून अलगद कलतं करा, ओला कपडा फिरवा आणि उजेड तिरपा पाडून बघा. अक्षरं असतील तर घासू नका, फोटो मला पाठवा.

बाकी सगळं दिवाळीनंतर केलं तरी चालेल. मृग लागायच्या आत मात्र कवेलू फेरून घ्या, फुटके बदला, आणि वह्यांचं ते कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून विटांवर ठेवा.